झेल्याची जाळी आणि लॅक्रॉसची काठी

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकात आजवर डॉक्टरांनी लिहिलं, बँकेतल्या साहेबांनी लिहिलं, एका बाईंनी तर इथल्या उन्हात कुंडीतली तुळस कशी जगवावी यावर चार पानं लिहिली. दर वर्षी मी तो अंक चाळायचो आणि मनातल्या मनात जळायचो. यंदा संपादिका बाई मुलाची रॅकेट घेऊन दुकानात आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, तुम्ही पण लिहा ना तुमच्या कामाबद्दल." मी तोंडदेखलं "छे, मला कुठलं लिहिता येतंय" म्हटलं. त्या गाडीत बसल्या तसा शेजारच्या दुकानातून कागद आणि पेन घेऊन आलो.

जळणं हा माझा स्वभाव आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुमच्या पोटातल्या निखाऱ्यावर दोन माणसांच्या भाकऱ्या होतील." ती खोटं बोलत नाही. शेजाऱ्याने नवा एसी बसवला की मला आमच्या घरात जास्त उकडतं.

माझं काम रॅकेटचं गटिंग करण्याचं, म्हणजे तारांची जाळी भरण्याचं. हमरियातल्या एका गल्लीत आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, खेळाच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात माझं यंत्र, माझी आरी आणि तारांची भेंडोळी. बाहेरच्यांना वाटतं, रॅकेटला जाळी लावायची म्हणजे खाट विणण्यातलाच प्रकार. तसं नाही. आधी उभ्या तारा, मग आडव्या, एक वरून एक खालून. प्रत्येक तार यंत्राने ठरलेल्या ताणाला खेचायची, चिमट्यात धरायची आणि मगच पुढची ओवायची. कुठे घाई झाली तर लाकडाची काय, कार्बनची फ्रेमसुद्धा वाकडी होते. शेवटची गाठ मारली की मी बोटाने टिचकी मारून ऐकतो. टण्ण वाजलं पाहिजे. सैल जाळी म्हणजे माझ्या तोंडाला काळं. उभा जन्म मी ताणावर काढला आहे.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. एक डॉक्टर होते. टीव्हीवर कुठल्याशा चॅम्पियनची मुलाखत पाहून त्याच्याइतकाच ताण हवा म्हणून हटून बसले. मी म्हटलं, "साहेब, तेवढ्या ताणाला मनगटही तसंच लागतं." ऐकेनात. चार दिवसांनी हाताला पट्टी बांधून आले आणि म्हणाले, "विश्राम, जरा उतरव." रुसैलमधल्या एका कंपनीचे अकाउंटंट दर स्पर्धेत हरायचे आणि दर वेळी रॅकेट माझ्यापुढे आपटून तारेला शिव्या द्यायचे. ज्या वर्षी जिंकले त्या वर्षी मात्र ढाल घेऊन गल्लीभर हिंडले, माझ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. हरलं तर माझ्या तारेमुळे आणि जिंकलं तर त्यांच्या मनगटामुळे. कपाटांत ढाली त्यांच्या, वर्तमानपत्रात फोटो त्यांचे. मी तो फोटो बघतो तेव्हा चेहरा बघत नाही, रॅकेट बघतो.

समोर युसुफभाईचं दुकान. युसुफ सियालकोटचा, म्हणजे खेळाच्या सामानाच्या गावचा. बॅटी आणि हॉकी स्टिक दुरुस्त करतो. त्याच्याकडे गर्दी असली की माझ्या पोटात दुखतं आणि माझ्याकडे असली की तो उगाच चार वेळा पाणी प्यायला बाहेर येतो. चहा मात्र आम्ही एकत्रच पितो.

गेल्या हिवाळ्यात एक उंच, साठीपलीकडचा, लांब पांढऱ्या वेणीचा माणूस युसुफच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला. हातात फडक्यात गुंडाळलेली काठी. युसुफने त्याला "कल आना" म्हटलेलं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच्याच दारात गेला असता. मला काय सुचलं कोण जाणे, मी दारातूनच हाक मारली, "यस सर, कम कम!" काठी कसली आहे हेही मला ठाऊक नव्हतं. युसुफचं गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं एवढंच मला पुरेसं होतं.

त्याने फडकं सोडलं. लाकडाची लांब काठी, टोकाला म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीसारखी वळवलेली. त्या वळणाच्या पोटात चामड्याच्या वाद्यांची, म्हणजे अरुंद पट्ट्यांची, जाळी होती, पण इथल्या कोरड्या हवेने ती तडकून लोंबत होती. "लॅक्रॉस," तो म्हणाला. त्याचं नाव थॉमस. रुसैलमधल्या एका लोखंडी कामाच्या कारखान्यात तो तुळया उभारण्याच्या कामावर देखरेख करायचा आणि अल खौदला राहायचा. कॅनडाचा, पण तसं म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. आपण मोहॉक, असं तो सांगायचा. म्हणजे गोरे तिथे पोचण्याआधीपासून तिथेच असलेले लोक. दोन महिन्यांत त्याचं काम संपत होतं. जाण्याआधी शेवटच्या शुक्रवारी तो मैदानावर या काठीने खेळणार होता आणि मग तिला घरी घेऊन जाणार होता.

"नवी घ्या ना," मी म्हटलं. "आता प्लॅस्टिकच्या मिळत असतील."

"प्लॅस्टिकच्या मुलांसाठी आहेत," तो म्हणाला. "ही माझ्याबरोबर पुरायची आहे."

मला वाटलं, माझंच इंग्रजी चुकतंय. त्याने सावकाश समजावलं. त्यांच्यात मुलगा जन्मला की पाळण्यात लहानशी काठी ठेवतात आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर जाते, पलीकडे गेल्यावर खेळायला.

पुढचे काही दिवस तो संध्याकाळी येऊन बसायचा. करक, म्हणजे इथला दुधाचा कडक चहा प्यायचा आणि बोलायचा. माझं इंग्रजी गल्लीतलं, त्याचं तोंडातल्या तोंडात. जेवढं कळलं तेवढं माझ्या मराठीत सांगतो. हा खेळ त्यांच्याकडे देवाने दिलेला मानतात. माणसं खेळतात आणि तो बघून खूश होतो. गावात कोणी आजारी पडलं तर त्याच्यासाठी सामना खेळायचा, औषध दिल्यासारखा. दोन गावांचं भांडण झालं तर कधीकधी लढाईऐवजी हाच खेळ. मैदान एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत, खेळाडू शेकड्यांनी, आणि सामना दिवसचे दिवस. मग फ्रेंच पाद्री आले. त्यांनी काठी बघून आपल्या भाषेतलं नाव ठेवलं. नंतर मॉन्ट्रियलच्या गोऱ्या साहेबांनी नियम लिहिले, कातड्याचा चेंडू जाऊन रबराचा आला, आणि ज्यांचा खेळ त्यांनाच पुढे कितीतरी वर्षं मोठ्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं. आता त्यांचा संघ स्वतःच्या झेंड्याखाली खेळतो आणि परदेशी जातो तोही आपल्याच लोकांचा पासपोर्ट घेऊन. कुठे कुठे विमानतळावर अडवतात, तरी दुसरा पासपोर्ट घेत नाहीत.

आमच्या ओळखीतल्या कितीजणांचे पासपोर्ट वर्षानुवर्षं अर्बाबच्या कपाटात राहिले, आणि ह्यांची ऐट बघा. आमच्या गावातही आट्यापाट्या होत्या, विटीदांडू होता. आम्ही मोठे झालो तसे ते खेळ विसरलो आणि कोणी त्याचं सुतक धरलं नाही. मला त्या खेळाचाच मत्सर वाटायला लागला.

पण खरा जळफळाट झाला तो काठी करणाऱ्यावर. थॉमस त्याच्याबद्दल बोलायला लागला की आवाज खाली आणायचा. तो रानात जातो, झाड निवडतो. तोडण्याआधी त्या झाडाला तंबाखू वाहतो, दोन शब्द बोलतो. मग लाकूड उभं फाडून वाफेवर वाकवतो आणि महिनोन् महिने सुकवतो. आता त्याचे हात थरथरतात, ही त्याची शेवटची काठी. एवढं सगळं सांगायचा, पण नाव कधी घ्यायचा नाही. "ज्याने ही केली तो," एवढंच. गुरूचं नाव तोंडाने घेऊ नये तसं असेल, असं मला वाटलं. कोणाच्या कामाला असा मान मिळालेला मी माझ्या धंद्यात पाहिला नव्हता. माझ्या हातून हजारो रॅकेटी गेल्या. एक तरी कोणी बरोबर पुरून घेईल?

काठी घरी आणली त्या दिवशी सुनंदाला सांगितलं, "हिला बायकांनी हात लावायचा नसतो, त्यांच्यात तशी रीत आहे." ती म्हणाली, "बरं झालं. मग केर काढताना तुम्हीच उचला आणि तुम्हीच ठेवा." दोन दिवसांनी मी काठी दुकानात परत नेली.

आता कामाचं. आमच्या मंडळाच्या भजनाचा पखवाज मीच आवळून देतो, त्यामुळे चामड्याची वादी माझ्या खणात असते. ती भिजवली आणि ठरवलं की अशी जाळी घालायची की पुन्हा कोणी त्या थरथरत्या हाताच्या माणसाचं कौतुक माझ्यासमोर करू नये. उभ्या वाद्या, आडव्या वाद्या, एक वरून एक खालून, गुडघ्याखाली काठी दाबून सगळा जोर लावून खेचल्या. सुकल्यावर टिचकी मारली. टण्ण! पखवाजाच्या पुडीसारखा आवाज. इतकं सुंदर काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

युसुफ चहा घेऊन आला. त्याने बघितलं, बोटाने वाजवलं आणि हसू दाबत म्हणाला, "विश्रामभाई, ये तो ढोल बना दिया तूने. बॉल इसमें रुकेगा कहाँ?"

"तुझे क्या मालूम," मी म्हटलं. हा जळतोय, अशी माझी खात्रीच होती.

संध्याकाळी थॉमस आला. त्यानेही टिचकी मारली. त्याचा चेहरा पडला, पण माझ्यावर ओरडला नाही. काठी डोळ्यांसमोर आडवी धरून तो बघत राहिला. मग मलाही दिसलं. ओली वादी सुकताना आखडली होती आणि तिने लाकडाचं वळण आत ओढलं होतं. वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी रेघ उमटायला लागली होती. अजून दोन दिवस तशीच राहिली असती तर लाकूड गेलं असतं, आणि दुसरी करणारा कोणी उरला नव्हता.

"चेंडू इथे झोपला पाहिजे," थॉमस तळहात पाळण्यासारखा करून म्हणाला. "हे कापा."

मी माझंच काम कापलं. एकेक वादी तुटताना टण टण आवाज येत होता आणि प्रत्येक आवाज मला लागत होता. शेवटची तुटली तसं वळण हळूहळू सैलावलं. रेघ पुढे सरकली नाही. युसुफने आपल्या दुकानातून तेलाची वाटी आणून दिली, बॅटींना लावतात ते जवसाचं तेल. ते मी लाकडाला चोळलं आणि काठी सावलीत ठेवली.

चेंडू झोपला पाहिजे. हे शब्द डोक्यात फिरत राहिले आणि मला आठवला तो झेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात हापूस झाडावरून काढायचा तो लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी बांधून. त्याला झेला म्हणतात. आंबा तुटून त्या पिशवीत पडतो, जमिनीवर नाही. जाळी ताणलेली असली तर आंबा उसळून बाहेर जातो, फार सैल असली तर एकावर एक आदळून फुटतात. आमच्या कुडाळकडच्या घरी दर चैत्रात झेल्याची जाळी मी विणायचो. झाडावर चढायचा दादा, माझा मोठा भाऊ. वर उभा राहून एकेक आंबा असा उतरवायचा की खाली सगळे बघत राहायचे. आई पहिला आंबा दादाच्या हातात द्यायची. आजूबाजूचे बागवाले त्याला बोलावून न्यायचे. "ह्याच्या हातान आंबो कधी फुटणा नाय," असं सगळे म्हणायचे. त्याच्या हातानं! जाळी कोणाची आहे हे एकाही माणसाने कधी विचारलं नाही, आणि दादाने आपणहून कधी सांगितलं नाही. मी मस्कतला आलो त्याची कारणं लोकांना वेगळी सांगतो, पण त्यात हेही एक होतं.

मी पुन्हा बसलो. यंत्राला हात लावला नाही. चार वाद्या लांबीने सोडल्या, आणि आडवा दोरा झेल्याच्या विणीने घातला, मुठीचा खड्डा राहील इतका सैल. आयुष्यभर सैल जाळीला नावं ठेवणारा माणूस मी, बोटांना ते पटेना. दर गाठीला ती आपसूक खेचायला जात आणि मी त्यांना आवरत होतो.

चेंडू माझ्याकडे नव्हता. शेजारच्या दुकानातून पिकलेला टोमॅटो आणला आणि युसुफला म्हटलं, "फेंक."

"पागल हो गया है?"

"यल्ला, फेंक!"

त्याने गल्लीच्या पलीकडून फेकला. मी काठी पुढे केली. टोमॅटो जाळीत आला, जरा आत गेला आणि राहिला. सालसुद्धा फाटली नाही. गल्लीत टाळ्या पडल्या. युसुफ म्हणाला, "वाह," आणि लगेच आत जाऊन विनाकारण एक बॅट ठोकायला लागला. तेव्हा मला फार बरं वाटलं.

शेवटच्या शुक्रवारी सुनंदाला घेऊन मी अल खौदच्या मैदानावर गेलो. मातीचं मैदान, थॉमसच्या ओळखीची दहा-बारा माणसं आणि त्यांची मुलं. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या रंगीत काठ्या, थॉमसच्या हातात लाकडाची. हा वेणीवाला म्हातारा धावायला लागला तेव्हा तो म्हातारा राहिलाच नाही. चेंडू त्याच्या जाळीत यायचा, काठी तो पाळण्यासारखी झुलवायचा, आणि कोणालाही चेंडू काढून घेता येत नव्हता. सुनंदा म्हणाली, "बघा, तुमची जाळी." मी बघतच होतो.

खेळ थांबल्यावर सगळे काठीभोवती जमले. एकाने विचारलं, "जाळी कोणी घातली?"

"हमरियात एक माणूस आहे," थॉमस म्हणाला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक माणूस! माझं नाव त्याला पक्कं ठाऊक होतं, रोज चहा पिताना घ्यायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा मी त्याला सरळच विचारलं, "आणि काठी कोणी केली? त्याचंही नाव तुम्ही कधी घेत नाही."

तो खाली मातीत बसला. काठीवरून हात फिरवला.

"माझ्या भावाने," तो म्हणाला. "मोठा. मी आमच्या गावचा सगळ्यात चांगला खेळाडू होतो. सामना जिंकून घरी यायचो तेव्हा लोक माझ्या हातातली काठी घेऊन बघायचे आणि भावाचं नाव विचारायचे. आईने भिंतीवर त्याच्या काठ्या टांगल्या. माझे गोल कुठे टांगणार?" तो हसला. "म्हणून मी त्याचं नाव सांगत नाही. चांगली काठी आहे, एवढं सांगतो. तेवढं खरं बोलावंच लागतं."

"आणि माझं?"

"तुमचं का सांगू? गोल मी केले ना!"

मी हसलो, पण मनातून हबकलो होतो. मला वाटलं होतं, नाव न घेणं म्हणजे मान. हा तर माझ्यासारखाच पोटात निखारा घेऊन फिरणारा माणूस निघाला. जाताना त्याने काठी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि माझा हात दाबला. त्याच्या भावाचं लाकूड आणि माझी जाळी, दोन्ही कधीतरी त्याच्याबरोबर जातील.

थॉमस गेल्यावर मला चैन पडेना. आंब्याचा मोसम तोंडावर आला होता. मी सुती दोरा आणून झेल्याची एक जाळी विणली, तशीच, मुठीचा खड्डा ठेवून. कुडाळला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ती दादाकडे पाठवली. दादा आता झाडावर चढत नाही, पण खाली उभा राहून अजून झेला चालवतो. बाजारातली नायलॉनची जाळी लावतो आणि फुटलेल्या आंब्यांसाठी झाडाला शिव्या घालतो, हे वहिनीने फोनवर सांगितलं होतं.

पंधरवडा गेला, दादाचा फोन नाही. शेवटी मीच लावला. तब्येत, पाऊसपाणी, वहिनीचे गुडघे, सगळं झालं. जाळीचं नाव नाही.

"दादा, जाळी मिळाली?"

"गावली."

"मग?"

"मग काय? बरी आसा. गाठ वायच मोठी झाली."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. तोही ठेवेना. मग आपणच म्हणाला, "काल पलीकडच्या बागेत काढूक गेललंय. एकव आंबो फुटाक नाय. लोकां इचारी होती, ही जाळी खय गावली म्हणान."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगलंय, मस्कतात इकत गावता."

मी फोन ठेवला. सुनंदाने माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं? परत कोणावर जळलात?"

"मी नाही," मी म्हटलं. "दादा जळतो माझ्यावर."

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.